नळ्याला लावलेला कान

यासुजी हिकोसाकाशी बोलायचं असेल तर त्याच्या डाव्या बाजूला बसावं. उजवीकडून तुम्ही त्याला गाढव म्हणा, घोडा म्हणा, तो मान डोलावून "हो ना, यंदा उकाडा फारच" एवढंच म्हणणार. उजवा कान आपण देवाला वाहिला, असं तो ऐटीत सांगतो. बायको फुमिए सांगते की कान जायच्या आधीसुद्धा तो कुणाचं ऐकत नव्हता.

कान खाल्ला तो नळ्यांनी. जपानातल्या मिकावाच्या किनाऱ्यावरच्या या आळीत उन्हाळी जत्रेला देवळाच्या पटांगणात नळे पेटतात. बांबूचा मांडीएवढा नळा, आत ठासून भरलेली शोभेची दारू, आणि तो पेटता नळा उजव्या कमरेशी कवटाळून माणूस उभा. कौलांच्या वर आग उसळते, ठिणग्यांचा पाऊस डोक्याखांद्यांवर पडतो, आणि शेवटी नळ्याचं बूड पायाशी धडाडदिशी फुटतं. ते फुटायलाच हवं. दगा होतो तो मधेच नळ्याचं अंग फुटलं तर. शेजारच्या आळीतल्या एका माणसाला आजही चॉपस्टिक डाव्या हाताने धरावी लागते.

एरवी यासुजीचा धंदा चिकुवाचा. माशाचा लगदा काठीवर थापायचा आणि विस्तवावर फिरवत खरपूस भाजायचा. जन्म गेला भट्टीपुढे, त्यामुळे आगीविषयी तो एखाद्या खट्याळ नातेवाइकाविषयी बोलावं तसं बोलतो. "आग वरवरचं खाते," तो म्हणतो. "तिला जेवढं अंग उघडं द्याल तेवढंच खाईल. दारू सैल भरली की कणाकणाला जाऊन भिडते, एका घासात सगळं फस्त. घट्ट ठासली की उदबत्तीसारखी वरून खाली सावकाश उतरते. आणि बाहेरच्या हवेवर ती अडून नाही हं. दारूतला सोराच तिला श्वास पुरवतो. म्हणून नळ्यात कोंडलेली असली तरी गुदमरत नाही." ठासलेल्या दारूला भेग गेली, की आग त्या भेगेत शिरते. मग पोटातूनही पेट घेते, धूर एवढा होतो की नळ्याचं तोंड त्याला पुरत नाही, आणि बांबू फाटतो. दारूत मिसळलेल्या लोखंडाच्या किसाच्या सोनेरी ठिणग्या मग आभाळाकडे जात नाहीत, तोंडावर येतात.

यंदा त्याची लेक मिसुझु पहिल्यांदा नळा धरणार होती. नागोयाची नोकरी सोडून ती भट्टीवर परतली आणि पहिल्याच जेवणाला म्हणाली, "बाबा, मी बांबू तोडून आणलाय." यासुजीने उचललेला घास परत वाडग्यात ठेवला. नाही म्हणायची सोय नव्हती. लहानपणापासून ती त्याचे हात बघत वाढली होती. बांबू कसा उकळायचा, त्यातलं तेल कसं काढायचं, वरून काथ्याची दोरी कशी कचकचून गुंडाळायची, सगळं त्यानेच दाखवलेलं. आणि आळीचा कायदा कडक: आपला नळा आपण बांधायचा, आपण ठासायचा, आपणच धरायचा. दुसऱ्याच्या नळ्याला बोट लावायचं नाही, मग ती पोटची पोर का असेना.

जत्रेच्या सकाळी शेडमध्ये दारूचे उस्ताद शिराईसान यांच्या देखरेखीखाली सगळ्यांनी नळे ठासले. मिसुझु सर्वांच्या आधी मोकळी झाली. यासुजीचा जुना मित्र ओताके त्याच्या डाव्या कानाशी येऊन म्हणाला, "काय रे, तुझी पोरगी दारू ठासत होती की उशीत कापूस भरत होती?"

थट्टाच ती. पण यासुजीच्या डोक्यात त्या थट्टेने घर केलं. सगळे जेवायला गेले तेव्हा तो काहीतरी विसरल्याचं सोंग करून परत शेडकडे आला. नळे ओळीने उभे होते. नावं बुडावर लिहिलेली, म्हणजे दिसायची नाहीत, पण मिसुझुचा शेवटून दुसरा हे त्याने सकाळीच हेरून ठेवलं होतं. ठोकून ऐकायचं होतं फक्त. चांगला ठासलेला नळा भरल्या माठासारखा बद्द वाजतो. चांगला कान एकच, म्हणून त्याने नळा उचलून डाव्या कानाशी नेला. हात घामेजलेले, नळा जड. तो निसटला आणि फरशीवर आडवा आदळला.

बाहेरून काहीच दिसत नव्हतं. दोरी तशीच, बांबू तसाच. पण आत? यासुजीने घाईघाईने नळा जागेवर उभा केला. क्षणभर, खोटं कशाला बोला, त्याच्या मनात आलं की गप्प बसावं. दर वेळी थोडीच भेग जाते? सांगितलं तर पोरीची वर्षाची मेहनत पाण्यात, शिवाय अख्ख्या आळीत बापाची शोभा. मग त्याला ती डाव्या हातातली चॉपस्टिक आठवली, आणि पाय आपोआप जेवणाच्या मंडपाकडे वळले.

मिसुझु थंड शेवया खात बसली होती.

"तुझा नळा माझ्या हातून पडला," यासुजी म्हणाला. "तू तो धरायचा नाहीस."

तिने वाडगा खाली ठेवला. "पडला म्हणजे? तुम्ही हात लावलात? बाबा, तुम्ही?"

"लावला. कायदा मोडला. मला काय हवं ते बोल, पण तो धरू नकोस."

 तिचे डोळे भरून आले, आणि ते बघणं यासुजीला शिव्यांपेक्षा जड गेलं. ती ताडताड शेडकडे निघाली, मागून शिराईसान.

"कुठला?" शिराईसाननी विचारलं.

यासुजीने बोट दाखवलं. शिराईसाननी नळा सावकाश आडवा केला, बूड बघितलं आणि चष्मा कपाळावर चढवून पुन्हा बघितलं.

"हिकोसाका," ते म्हणाले, "तुला वाचता येतं ना? इथे यासुजी लिहिलंय."

"आं?"

"ऊन आत यायला लागलं म्हणून मीच या टोकाचे नळे हलवले. तुझा इथे आला, तिचा पलीकडे सावलीत. तू स्वतःचाच पाडलायस."

 यासुजीच्या छातीवरचा धोंडा एकदम उतरला आणि त्याला हसू आवरेना. मिसुझुही डोळे पुसत हसायला लागली. "म्हणजे कायदाही धड मोडता आला नाही तुम्हाला! आणि स्वतःची दोरी ओळखली नाहीत?"

"कशी ओळखणार? तू हुबेहूब माझ्यासारखीच गुंडाळलीस."

हे बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच उमगलं. जी बांधणी त्याला स्वतःच्या बांधणीहून वेगळी काढता आली नाही, ती बांधणाऱ्या हातांवर तो सकाळपासून शंका घेत होता.

पडलेला नळा शिराईसाननी पाण्याच्या टाकीत बुडवला. सोरा पाण्यात विरघळून गेला की उरतो नुसता काळा चिखल, त्याला आग लावून दाखवा. इतक्या वर्षांत एकाही जत्रेला यासुजीचा नळा चुकला नव्हता. ओताके सांत्वन करायला आला तर यासुजीच त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बुडू दे रे! छान बुडतोय!"

संध्याकाळी तो प्रथमच फुमिएबरोबर दोरीबाहेर, बघ्यांमध्ये उभा राहिला. मिसुझुचा नळा पेटला, तिने तो उचलून कमरेशी घेतला आणि आग सुसाटत वर गेली. यासुजीने बायकोचं मनगट घट्ट पकडलं.

"आता कळलं," फुमिए त्याच्या डाव्या कानात म्हणाली, "मी इथे उभी राहून इतकी वर्षं काय करत आले ते?"

"काय?"

"श्वास रोखून धरते."

आग एकसारखी, सावकाश उतरत गेली. मग बूड फुटलं, धूर उसळला. धुरात काही दिसेना. आणि त्यातून मिसुझु काळ्या तोंडाने, दात दाखवत, दोन्ही हात शाबूत, चालत आली. तिने धुमसता नळा यासुजीपुढे धरला.

"घ्या. आता लावा हात."

यासुजीने नळा घेतला. अजून गरम होता. त्याने तो डाव्या कानाशी नेला, बोटाने ठोकला आणि सगळी दारू नीट जळाल्याचा तो पोकळ आवाज ऐकून जत्रेच्या गर्दीत उभ्या उभ्या ढसाढसा रडला.