औषधाचं मीठ

माझ्या मोठ्या भावाला यकृताचा सिरॉसिस झाल्याचं कळलं तेव्हा भांडुपच्या आमच्या चाळीत लोकांनी आधी बाटली शोधली. तो आयुष्यात कधी प्यायला नव्हता. साखर, वजन आणि यकृतात साचलेली चरबी, एवढ्यावरच ते आकसत गेलं होतं. पोटात पाणी भरायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी लघवीवाटे पाणी काढणारी रोजची गोळी दिली आणि मीठ जवळजवळ बंद करायला सांगितलं.

गोळी तो मुकाट घ्यायचा. मिठावरून मात्र घरात रोज रुसवाफुगवा. वाटी पुढे ढकलून म्हणायचा, "ह्या सार की आंघोळीचा पाणी?" वहिनी ताट उचलायची. त्याचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

मी पवईला राहतो आणि तिथल्याच एका प्रयोगशाळेत काम करतो. पेशीच्या पातळ पडद्यात सूक्ष्म दारं असतात. त्यांतून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे विद्युतभारित कण ये-जा करतात. यकृतात व्रण धरणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांची पोटॅशियमची दारं आजारात कशी बदलतात आणि ती बंद ठेवली तर व्रण वाढायचा थांबेल का, हा माझा विषय. केसाहून बारीक टोकाची काचेची नळी पेशीला चिकटवायची आणि एकेक दार उघडताना-मिटताना बघत बसायचं. घरच्यांना त्यातलं एवढंच ठाऊक, की धाकटा लिव्हरवर संशोधन करतो. त्यामुळे घरात माझा शब्द डॉक्टरांच्याही वर चालायचा. मी तो चालू दिला.

एका रविवारी मी कमी सोडियमच्या मिठाचं पाकीट घेऊन गेलो. वहिनीने ते उलटसुलट करून पाहिलं.

"भावोजी, डॉक्टरांना एकदा विचारू का?"

"मग मी काय शिकलोय, वहिनी?" मी हसत म्हणालो.

सोडियम कमी केलं तर त्याच्या जागी काय घालतात, हे मला कुणी सांगायला नको होतं. पोटॅशियम क्लोराइड. ते मी रोज प्रयोगशाळेत काट्यावर तोलतो. भावाची गोळीही मला माहीत होती. ती मूत्रपिंडातली सोडियम परत ओढून घेणारी दारं कमी करते, म्हणून पाणी निघून जातं. पण पोटॅशियम आत अडकून राहतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि त्या दिवशी एकमेकींना भेटल्या नाहीत. मला दिसत होता फक्त भावाचा चेहरा, आणि माझ्या हातातला तोडगा.

वहिनीने त्या मिठाला निळ्या झाकणाची वेगळी बरणी दिली. घरात सगळे त्याला औषधाचं मीठ म्हणू लागले. भाऊ पोटभर जेवू लागला. थोडं कडवट लागतं म्हणायचा, पण औषध ते कडूच असायचं.

मग एका सकाळी चाळीच्या जिन्यावर त्याच्या पायांतलं बळच गेलं. नाडी इतकी सावकाश, की वहिनी पुन्हा पुन्हा मनगट चाचपत होती. मुलुंडला इस्पितळात नेलं. हृदयाचा आलेख काढला आणि डॉक्टर म्हणाले, पोटॅशियम. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधी मला सगळं कळलं होतं. पेशीच्या बाहेर पोटॅशियम वाढलं की ती हळूहळू गप्प होत जाते. हे मी पेशींवर मुद्दाम करून पाहिलेलं आहे.

एकामागून एक इंजेक्शनं चालू असताना डॉक्टर वहिनीला विचारत होते. शहाळं देता? त्यातही पोटॅशियम असतं. भेटायला येणारा प्रत्येकजण शहाळं आणत होता. आजाऱ्याला आपल्याकडे दुसरं काय नेतात? तिने दिलं होतं. आणि मीठ?

"मीठ कधीच बंद केलंय," वहिनी म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ते मीठ नव्हतंच. डॉक्टरांनी शहाळ्यावर बोट ठेवलं आणि तिला चांगलंच सुनावलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडलं नाही.

भाऊ वाचला. ती गोळी बंद होऊन दुसरी सुरू झाली. घरी आईने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, की सुनेने शहाळी पाजून पोराला मरणाच्या दारात नेलं. वहिनी तेव्हा इस्पितळात त्याच्याजवळ बसलेली असायची.

पण ती बरणी घरात होती, आणि तो घरी येणार होता. त्याचे कपडे आणायच्या निमित्ताने मी भांडुपला गेलो. आई दुपारची पडली होती. मी निळ्या झाकणाची बरणी मोरीत रिकामी केली, वर पाणी सोडलं आणि शेजारच्या डब्यातलं साधं मीठ तिच्यात भरलं. रिकामी ठेवली असती तर वहिनीने विचारलं असतं. चार दिवसांनी सांगून टाकू, तोवर साध्या मिठाने काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं. काय होतं ते मला पक्कं माहीत होतं.

भाऊ घरी आल्यावर वहिनीचा फोन आला. "भावोजी, ते मीठ आता कडू लागत नाही. जास्त खारट झालंय."

"कंपनीने काहीतरी बदललं असेल," मी म्हणालो.

भावाच्या लेंग्याची नाडी रोज सैल करावी लागू लागली. पोट पुन्हा तटतटलं, पाय सुजले, आडवं झालं की दम लागायचा. आईचं बोलणं वाढलं. वहिनीने त्याचा भात कमी केला, मग मासळी बंद केली, आणि स्वतःही त्याच्यासारखंच जेवू लागली.

तपासणीच्या दिवशी आम्ही तिघे डॉक्टरांसमोर बसलो होतो. मीठ बंद असूनही एवढं पाणी भरतंय, म्हणजे गोळीचा उपयोग होत नाही, असं ते म्हणत होते. डोस दुप्पट करू, सुईने पाणी काढू, आणि यकृत बदलायचं बोलणं आता लवकर करावं लागेल. त्यांनी लिहायला पेन उचललं. वहिनीने पदर तोंडाशी धरला होता.

"मीठ बंद नाहीये," मी म्हणालो. "रोज पोटात जातंय. मी बरणीत भरलंय."

मग सगळंच सांगितलं: पहिलं मीठ, दुसरं मीठ, फोनवरचं उत्तर. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, तुम्ही काय काम करता? मी तेही सांगितलं. भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, "मेल्या, आधी बोलाचा तरी."

बाहेर आल्यावर वहिनी पहिल्यांदा बोलली. "आईंना तुम्ही सांगा. माझ्या तोंडून खरं वाटायचं नाही."

त्याच संध्याकाळी सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिचा पाप आपल्या डोक्यार कित्याक घेतंस? तू शिकलेलो. तुझा चुकतला कसा?" मी पुन्हा सांगितलं. ती खडे वेचत राहिली.

आता बिनमिठाचं जेवण आणि नेमकी औषधं यांवर पाणी उतरलंय. यकृत मात्र होतं तसंच आहे. पुढचं काही सांगता येत नाही. परवा शेजारीण शहाळं घेऊन आली. आईने ते वहिनीकडे बघत बाजूला सारलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "शहाळ्याने नाही झालं. मी आणलेल्या मिठाने झालं."

शेजारीण हसली. "बघ गं," ती वहिनीला म्हणाली, "दीर असावा तर असा."

वहिनी हसली नाही. ओट्याशी उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"भावोजी," ती म्हणाली, "परत सांगा."