फोरमन आणि एकशे अठ्ठावीस सावल्या

“सावली फिरतेय! मास्तर, हात काढा त्या माउसवरून, सावली फिरतेय!”

फोरमन ओरडत होते. त्यांचं बोट संगणकाच्या पडद्यावर टेकलेलं होतं आणि काचेपलीकडच्या खोलीत त्र्यंबकेश्वरचे एक गुरुजी डोळे मिटून स्वतःच रचलेल्या आरतीचं चौथं कडवं गात होते. माइक चालू होता. पंचवीस वर्षं पत्रा कापायच्या यंत्रावरून संभाषण केलेल्या माणसाच्या आवाजाला आमची एकेरी काच काय अडवणार? गुरुजींनी पुन्हा गायला नकार दिला. असा आवाज रोज लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते नाशिककरांचं नशीब म्हणायचं. कॅसेट तशीच निघाली. चौथ्या कडव्याच्या शेवटी टाळांच्या मागून “सावली फिरतेय” असं स्वच्छ ऐकू यायचं. पुढे एका कीर्तनकारबुवांनी त्या दोन शब्दांवर पाऊण तास निरूपण केलं. काळ, काया, मोह, सगळं त्यात बसवलं. बायका पदराला डोळे पुसत होत्या. फोरमन माझ्या शेजारीच सतरंजीवर बसले होते. ते म्हणाले, “बुवांनी मुद्दा सोडला. सावली नॉबची फिरत होती.”

मुद्दा खरंच नॉबचा होता. सिंथेसायझर म्हणजे नाना तऱ्हेचे आवाज काढणारं विजेचं वाद्य, पुढच्या पत्र्यावर पन्नास नॉब आणि दिवे. ते परवडत नाही म्हणून आमच्यासारखे लोक त्याची संगणकातली नक्कल वापरायचे. पडद्यावर त्या वाद्याचं चित्र येतं, माउसने चित्रातले नॉब फिरवायचे, की आवाज बदलतो. ज्याने ते परदेशी चित्र काढलं होतं त्याने नॉब सावलीसकट कापून फिरवला होता. त्यामुळे नॉब उजवीकडे वळला की सावलीही गिरकी घ्यायची. जगभरच्या हजारो संगीतकारांनी ते पाहिलं असेल. ठणाणा केला तो फक्त पंचवटीतल्या फोरमननी.

त्यांचं खरं नाव गॅसच्या पुस्तकावर होतं, तिथेच राहिलं. सातपूरच्या एका कारखान्यात ते कंट्रोल पॅनेलच्या खात्याचे फोरमन होते. यंत्र कुठलंही असो, त्याच्या तोंडावरचा पत्रा, त्यावरचे डायल, बटणं, अक्षरं यांची मांडणी फोरमनच्या हातची. मग कारखान्यात टचस्क्रीन आले. फोरमनची पॅनेलं भंगारवाल्याच्या टेम्पोत चढली आणि स्वेच्छानिवृत्तीचं पाकीट घेऊन ते घरी आले. आमचा स्टुडिओ त्यांच्या डोक्यावर होता. भाजीबाजाराच्या मागे, दुसरा मजला, भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले. ज्या इमारतीत अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती, तिथे त्याच ट्रेंच्या कृपेने आम्ही भक्तिगीतं रेकॉर्ड करायचो. फोरमन पहिल्यांदा वर आले ते आवाजाची तक्रार घेऊन. पडद्यावर सिंथेसायझर दिसला आणि तक्रार दारातच राहिली. माणूस पाच वर्षं उठला नाही.

बसायचे कसे, तर आवाज बंद करून. “मास्तर, ते केकाटणं थांबवा, मला नीट बघू द्या.” मी संगीतकार, माझ्या स्टुडिओत, माझ्या वाद्याचा आवाज बंद करून बसायचो आणि हे गृहस्थ चहा पीत पॅनेल बघायचे. त्यांच्या मते वाद्य कसं वाजतं हा वाजवणाऱ्याचा खासगी प्रश्न. पत्रा चांगला हवा. एकदा एका नव्या सिंथेसायझरच्या चारही कोपऱ्यांत चितारलेले स्क्रू त्यांनी भिंगातून पाहिले. चारही स्क्रूंच्या खाचा एकाच दिशेला, शिपायांसारख्या. “हे कोणी पिळलेलेच नाहीत,” ते म्हणाले. “नुसते ठेवलेत. उद्या पत्रा खाली येईल.” दुसऱ्या एकात नॉब फार दाटीने बसवले होते. “दोन नॉबमध्ये बोटं शिरत नाहीत. माणसाने फिरवायचं कसं?”

“माउसने फिरवतात, फोरमनसाहेब.”

“माउसला बोटं नाहीत म्हणून काय झालं? आपल्याला आहेत ना.”

आणि सांगायला लाज वाटते, पण माणूस बरोबर असायचा. ज्या सिंथेसायझरच्या पत्र्यावर मोकळी जागा, अक्षरं नेटकी, सागाच्या लाकडाच्या बाजू, तो उघडला की माझी बोटं आपोआप काहीतरी बरं वाजवायची. करड्या चौकोनांचा, आकडे कोंबलेला उघडला की माझ्यातून थेट सहकारी बँकेची जाहिरात निघायची. वर्षभरात मी गाण्याला आवाज निवडणं सोडून दिलं आणि पॅनेल निवडायला लागलो. गिऱ्हाइकांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. यावरून गिऱ्हाइकांच्या कानांबद्दल काय ते समजा. माझ्या कानांबद्दल समजू नका.

काकू, म्हणजे फोरमनची बायको, जिन्यातून हाक मारायच्या. “मास्तर, आमचे हे आहेत का वर? नाही, खाली पाठवू नका, फक्त विचारलं. कारखान्यात होते तेव्हा आठ तास तरी निर्धास्त होते मी.”

फोरमन स्वतःच्या कारखान्याबद्दल बोलायचे नाहीत. एकदाच बोलले. “मास्तर, एकोणीस पॅनेलं केली मी आयुष्यात. आज एक चालू नाही. मी मेल्यावर कुठेतरी एक तरी चालू पाहिजे.” हे त्यांनी इतक्या कोरड्या सुरात सांगितलं की मला वाटलं दिव्याचा बल्ब मागताहेत.

ही संधी मिलिंदने आणली. मिलिंद पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःचा सिंथेसायझर लिहायचा, संगणकात चालणारा. आवाज झकास होता, पण पडद्यावर दिसायला वीजबिलासारखा. तो म्हणाला, “आवाज माझा, चेहरा तुम्ही द्या.” फोरमन त्या दिवशी जिना उतरले नाहीत, तरंगत गेले.

पत्रा त्यांनी आधी खरा बनवला. ॲल्युमिनियम, त्यावर हाताने ओढलेला ब्रशचा पोत, कोरलेली अक्षरं. कोपऱ्यांत चार स्क्रू, चारही खाचा चार दिशांना, आणि प्रत्येक स्वतः पिळलेला. मग नॉब. मिलिंदने सांगितलं की पडद्यावरचा नॉब म्हणजे एकशे अठ्ठावीस चित्रांची थप्पी असते, नॉब फिरवला की एकेक चित्र पुढे सरकतं. लोक एकच चित्र संगणकात गोल फिरवून बाकीची बनवतात. “म्हणूनच सावली फिरते,” फोरमन म्हणाले आणि पितळेचा नॉब लेथवर कातून आणला. एकशे अठ्ठावीस फोटो, खऱ्या नॉबचे, दर फोटोला तो खरोखर दोन अंश आणि वर किंचित फिरवून. उजेड वरून आणि डावीकडून. ट्यूबलाइटचा नाही, “ट्यूबलाइटला दिशा नसते,” गच्चीतला उन्हाचा.

लग्नाच्या फोटोग्राफरकडून डिजिटल कॅमेरा मागून आणला. त्याच्या कार्डात बारा फोटो मावायचे. बारा झाले की फोरमन गच्चीवरून स्टुडिओत, कार्ड रिकामं, परत गच्चीत. सकाळी आठला सुरुवात केली. काकूंनी जेवायचं ताट गच्चीत आणलं आणि नॉबकडे बघून म्हणाल्या, “आमच्या लग्नात सगळे मिळून चौदा फोटो होते.” सहा वाजता एकशे अठ्ठाविसावा फोटो निघाला. मग महिनाभर फोरमन एकेक फोटो भिंगाखाली तपासत होते. धूळ नाही, हललेला नाही, कडा स्वच्छ. प्रत्येक फोटो पास. मिलिंदने तीच थप्पी पॅनेलवरच्या चाळीसही नॉबना लावली.

सिंथेसायझर बघायला मुंबईहून एक गृहस्थ आले. ते संगीताच्या सॉफ्टवेअरच्या सीडी देशभर विकायचे आणि स्वतः काही वाजवत नसल्यामुळे त्यांच्या मताला फार वजन होतं. मिलिंदने पडदा उघडला. चाळीस पितळी नॉब, सगळे शून्यावर, चाळीस सावल्या एका रेषेत. मी आयुष्यात इतकं देखणं वाद्य पाहिलेलं नाही, आणि हे मी वाढवून सांगत नाही. बाकीचं थोडं वाढवलंय. ते गृहस्थही खुर्ची पुढे ओढून बसले. फोरमननी शर्टाचं वरचं बटण लावलं.

मग गृहस्थांनी एक नॉब हळूच फिरवला.

दोनपर्यंत ठीक होतं. पाचावर सावली आखडली आणि नॉबच्या पोटाखाली शिरली. सातावर ती दुसऱ्या बाजूने बाहेर आली. दहावर लांबलचक, तांबूस, पार शेजारच्या नॉबपर्यंत. आठ ते सहा, गच्चीवरचा अख्खा दिवस त्या नॉबमध्ये भरलेला होता. गृहस्थांनी दुसरा नॉब अर्ध्यावर ठेवला, तिथे दुपारचे बारा. तिसरा आठावर, तिथे चार वाजलेले. एकाच पत्र्यावर चाळीस सूर्य.

मी हसलो. हसायला नको होतं, पण जगातल्या यच्चयावत सावल्यांवर पाच वर्षं ओरडलेला माणूस समोर उभा होता.

“क्या बात है,” गृहस्थ म्हणाले. “आवाज वाढवला की संध्याकाळ होते. हे मी घेतो. डब्यावर हाच फोटो टाकू.”

“चुकलंय ते,” फोरमन म्हणाले. “पुन्हा काढतो. दिवा लावून, एका जागी.”

“छे छे, पुन्हा काढू नका. बरोबर सावलीचे पन्नास पडलेत माझ्याकडे. मला हेच पाहिजे. लोक डोळ्यांनी घेतात, काका.”

“हा माल नापास आहे.”

“काका, गिऱ्हाइकाला चालतंय ना.”

“गिऱ्हाइकाला पॅनेलमधलं काय कळतं? नापास माल गेटबाहेर जात नाही.”

मिलिंद विनवण्या करत होता, दोन वर्षांचं काम आहे, फोरमनसाहेब, तुम्हालाच एक पॅनेल चालू हवं होतं ना. फोरमन त्याच्याकडे बघत नव्हते. ते दहावर ठेवलेल्या त्या नॉबकडे बघत होते. मग माउस हातात घेऊन त्यांनी चाळीसही नॉब एकेक करून शून्यावर आणले, गृहस्थांना नमस्कार केला आणि खाली गेले. गृहस्थांनी साडेचारची एशियाड बस पकडली. मिलिंद पंधरा दिवस आमच्याशी बोलला नाही. नंतर त्याने करड्या चौकोनांचा चेहरा लावून ते वाद्य इंटरनेटवर फुकट सोडलं. कोणीतरी वापरत असेल. दिसायला वीजबिलच.

त्याच वर्षी फोरमन आणि काकू मुलीकडे बंगळूरला राहायला गेले. टेम्पो भरत असताना ते वर आले आणि म्हणाले, “मास्तर, ते पॅनेल तुमच्या मशीनमध्ये असेल तर पुसून टाका.” मी त्यांच्यासमोर दोन बटणं दाबली आणि म्हणालो, पुसलं. ती बटणं आवाज कमी करायची होती.

त्यानंतर सहा वर्षं मी दुसरं काही उघडलं नाही. त्या काळात नाशिकमध्ये रेकॉर्ड झालेली निम्मी भक्तिगीतं, तीन साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती आणि एका नगरसेवकाचं प्रचारगीत त्या चाळीस सूर्यांखाली झालं. शेवटी मनाला लागून राहिलं म्हणून एका दुपारी बंगळूरला फोन केला. काकूंनी उचलला आणि म्हणाल्या, “देते, पण मोठ्याने बोला, आता ऐकू कमी येतं. तसं त्यांचं काही अडत नाही.”

मी सगळं कबूल केलं. पॅनेल पुसलं नव्हतं. रोज चालू आहे. आजही चालू होतं.

फोरमननी विचारलं, “नॉब कितीवर ठेवता?”

“सात, आठ. कधी नऊ.”

“तीनच्या खाली ठेवत जा. पहिले चाळीस फोटो साडेदहाच्या आतले आहेत, तिथपर्यंत सावली बरोबर आहे.”