सगळ्यांना ओळखणारे साक्षीबुवा

साक्षीबुवा ओळखत नाहीत असा माणूस आमच्या तालुक्यात नव्हता. ज्यांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं त्यांनाही ते ओळखत. सकाळी अकरा वाजता रजिस्ट्री कचेरी उघडायची आणि साक्षीबुवा काळा कोट घालून लिंबाखालच्या बाकावर येऊन बसायचे. वैशाखातसुद्धा कोट. वर्धा जिल्ह्याचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना त्या कोटाची किंमत कळेल. कचेरी कोणत्या गावची ते मात्र सांगत नाही, अजून माझं पेन्शन चालू आहे.

हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं, की तेव्हा शेत किंवा घर विकताना फोटो लागत नसे, बोटांचे ठसे घेणारं यंत्र नव्हतं. विकणारा माणूस तोच आहे हे ओळखीच्या माणसानं साहेबांपुढे उभं राहून सांगायचं, की झालं. आता खेड्यावरून आलेला शेतकरी साक्षीला शेजारी आणणार, तर शेजाऱ्याचा दिवस मोडणार, त्याला जेवू घालावं लागणार. त्यापेक्षा बाकावर साक्षीबुवा होतेच. साहेब विचारायचे, “याला ओळखता?” बुवा म्हणायचे, “हाव जी, चांगला ओळखतो.” सही व्हायची. बुवांना त्यांचे मिळायचे. त्यातला वाटा हेडक्लार्क बडेबाबूंकडे जायचा, आणि बडेबाबूंकडून पुढे कुठे जायचा ते साहेबांच्या टेबलाच्या ड्रॉवरलाच ठाऊक.

मी तिथे दस्तांच्या नकला उतरवून काढणारी कारकून म्हणून लागले तेव्हा माझं वय होतं बावीस आणि अक्कल त्याच्या निम्मी. वर्ध्याच्या सासरहून एसटीनं ये-जा करायची. शाळेत भ्रष्टाचारावरच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते, बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला होता. त्याच डब्यात पोळी-भाजी घेऊन मी देशसेवेला निघाले.

पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं नकलेचा कागद घेतला आणि माझ्या शाईच्या पॅडखाली काहीतरी सरकवून तो निघाला. मी पाहिलं तर नोट. बिचारा विसरला असं वाटून मी नोट हातात धरून आवारभर त्याच्यामागे पळाले. “काका, अहो काका, तुमचे पैसे राहिले!” म्हातारा थांबला. माझ्याकडे, नोटेकडे पाहून त्याचा चेहरा पडला. त्यानं धोतराच्या कनवटीतून आणखी एक नोट काढून माझ्या हातावर ठेवली, हात जोडले आणि पळत सुटला. दोन नोटा धरून मी भर उन्हात उभी. देत होते की घेत होते, मलाच कळेना.

साक्षीबुवांनी बाकावरून सगळं पाहिलं होतं. म्हणजे पाहिलं असावं, कारण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. “बाई,” ते म्हणाले, “पैसे वापस करून राह्यल्या तं लोक घाबरते ना व. त्याइले वाटते आता काम होत नाई. घेतले की माणूस रात्री झोपते.” मी म्हटलं, “पण हे पाप आहे!” त्यावर बुवांनी तंबाखू मळता मळता विचार केला आणि म्हणाले, “असन. पन अगोदर जेवून घ्या. वाट पाहून पाहून पोळ्या वाळून राह्यल्या.”

त्यांचा तंबाखू हा एक स्वतंत्र विषय होता. पक्षकार आला की बुवा त्याला शेजारी बसवत, तंबाखू मळून अर्धा त्याच्या तळहातावर ठेवत आणि विचारत, “तुह्या मामाचं गाव कोणतं?” मामाच्या गावावरून विहिरीवर, विहिरीवरून बैलांवर, बैलांवरून कोणाचं लग्न कुठे मोडलं त्यावर. पाच मिनिटांत दोघं नातेवाईक वाटायला लागत. मग बुवा उठून साहेबांपुढे जात आणि ओळखतो म्हणून सांगत. मी एकदा तावातावानं म्हटलं, “बुवा, तुम्ही रोज खोटं बोलता.” त्यांना खरोखर वाईट वाटलं. “काऊन खोटं? तंबाखू खाल्ला, मामाचं गाव इचारलं. आता मी त्याले ओळखत नाई का? तूच सांग.” त्या वादाचं उत्तर मी वर्ध्यापर्यंत एसटीत शोधत गेले आणि माझा स्टॉप चुकला.

डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या, असं त्यांना सगळे सांगत. ते म्हणत, “नको बाप्पा. साफ दिसाले लागलं तं धंदा बसन.”

शेवटी मी क्रांती केली. साहेब, बडेबाबू, बुवा, सगळ्यांविरुद्ध वर्ध्याला निनावी अर्ज पाठवला. पंधरवड्यानं तो ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ आमच्याच साहेबांकडे परत आला. साहेबांनी तो बडेबाबूंना दिला, बडेबाबूंनी माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “बाई, याची एक नक्कल काढा. तुम्हाला सोपं जाईल, अक्षर तुमच्या वळणाचंच आहे.” ना रागावले, ना बदली केली. उलट दुपारी माझ्यासाठी चहा मागवला. तो चहा प्यावा की नाही या विचारात तो थंड झाला. बुवा तेवढे खिडकीपाशी येऊन हळूच म्हणाले, “निनावी लिवाचं तं डाव्या हातानं लिवा लागते बाई.”

त्या कचेरीच्या पायरीवर बाजाराच्या दिवशी सुंदरामावशी भाजी घेऊन बसायची. वांगी, मेथी, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. गावामागच्या नाल्याला लागून तिचा छोटासा मळा होता. नवरा गेला तेव्हा तो तिच्या नावावर झाला. मूलबाळ नाही. दीर धडधाकट आणि त्याचा डोळा मळ्यावर. “रोज येते न म्हनते, बाईच्या जातीले मळा कायले पाह्यजे,” मावशी मला सांगायची. “म्या म्हनलं, तुह्यासारख्याच्या दारात भाकर मांगाले जाऊ नोको म्हनून पाह्यजे.” तो मळा म्हणजे तिची भाकरी, तिचं घर, तिची जीभ. मळा गेला असता तर मावशी दिराच्या ओसरीवर धुणीभांडी करत संपली असती. हे तिला माहीत होतं, दिराला माहीत होतं, आणि दर बाजाराला तिच्याकडून वांगी घेऊन मलाही माहीत झालं होतं.

एकदा आमच्या सासूबाईंनी पाहुण्यांसाठी भरल्या वांग्यांचा बेत काढला. मी मावशीला सांगून ठेवलं, की बाजार नसला तरी उद्या चांगली काटेरी वांगी घेऊन ये. ती आली. माझी वांगी दिली, आणि एवढं आलोच आहोत तर म्हणून उरलेली टोपली घेऊन पायरीवर बसली.

मी टेबलाशी येऊन दौत उघडते तोच मावशीचा दीर मागच्या दारानं आत आला. त्याच्यासोबत नाकापर्यंत पदर ओढलेली एक बाई. बुवांचा तंबाखू आणि मामाचं गाव उरकलेलं होतं. बडेबाबूंचं त्याहून आधी उरकलेलं असणार. बडेबाबूंनी कागद वाचला. सुंदराबाई, अमक्याची विधवा, आपला नाल्याकाठचा मळा राजीखुशीनं दिराला विकत आहे.

आता तुम्ही म्हणाल, मी उठून ओरडले असेन. स्पर्धेत पहिली आलेली मुलगी! तर नाही. माझ्या डोक्यात काय आलं ते ऐका. मला वाटलं, काय योगायोग बघा! एकाच गावात एकाच नावाच्या दोन विधवा, दोघींचा मळा नाल्याकाठी, दोघींचे दीर सारखेच दिसतात! मी कौतुकानं त्या बाईकडे पाहत बसले.

साहेबांनी मान वर न करता विचारलं, “या बाईला ओळखता?”

बुवांनी तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, “घ्या वोऽ बाई, वांगे घ्याऽ! सांभार ताजा हाये!”

बुवांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी मान दाराकडे वळवली, मग त्या बाईकडे, मग पुन्हा दाराकडे.

“नाई जी,” ते म्हणाले. “या बाईले मी नाई ओळखत.”

साहेबांना सवयच अशी, की त्यांनी ‘ओळखतो’ लिहूनसुद्धा टाकलं होतं. बडेबाबूंनी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. त्या कचेरीत असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे पुढे काय करायचं याची कोणालाच कल्पना नव्हती.

“बुवा, काय बोलून राह्यले?” बडेबाबू दबक्या आवाजात म्हणाले. “तंबाखू झाला ना तुमचा?”

“झाला.”

“मामाचं गाव?”

“तेबी सांगतलं तिनं. पन नाई ओळखत.”

“आता हा बुढा पागल झाला का!” म्हणत दीर दुसरा साक्षीदार आणायला हॉटेलकडे धावला. साहेब छताकडे पाहू लागले. मला वाटलं, फावला वेळ मिळाला आहे तर ही गंमत मावशीला दाखवावी. मी बाहेर गेले आणि म्हटलं, “मावशी, चल बघ, तुझ्या नावाची दुसरी बाई आत आलीय! तिचाही मळा नाल्याकाठीच आहे!”

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, की ती नजर मला म्हातारपणीही आठवते. टोपली कमरेवर घेऊन ती आत गेली.

“कोन व तू?” ती त्या बाईला म्हणाली. “माह्या मळ्याचा आंगठा तू लावून राह्यली?”

बाईनं पदर मागे टाकला. कोवळी पोर होती, कुठल्या खेड्यातली. म्हणाली, “मले तं मजुरीनं आनलं जी. कापूस येचाचा रोज भेटन म्हने, निस्ता आंगठा लावाचा.” आणि चप्पल तिथेच टाकून ती पळाली. मावशी मटकन खाली बसली. टोपली कलंडली, वांगी साहेबांच्या टेबलाखाली घरंगळत गेली, आणि साहेबांनी दोन्ही पाय वर उचलून धरले.

दीर दुसरा साक्षीदार घेऊन परत आला आणि दारातच म्हणाला, “वहिनी, तुमी कशा इथं?” साहेब पाय वरच ठेवून गरजले, “असले प्रकार माझ्या कचेरीत चालणार नाहीत!” संध्याकाळपर्यंत गावभर साहेबांच्या करड्या नजरेचं कौतुक. दीर दोन दिवस बडेबाबूंच्या मागे फिरला, दिलेले परत द्या म्हणून. बडेबाबू शांतपणे सांगत, “आमच्याकडचं काम पूर्ण होतं. बुवानं घोटाळा केला.” कोणालाही अटक झाली नाही, कोणाची बदली झाली नाही. या सगळ्यात गुन्हा नक्की कोणाचा आणि बक्षीस कोणाला, याचा मेळ मला बसेना.

शिक्षा एकालाच झाली. बुवांना पुन्हा कोणी आत बोलावलं नाही. “एकदा नाई म्हणला तो केव्हाई म्हणन,” बडेबाबू म्हणाले. “साक्षीदार भरवशाचा पाह्यजे.” बाकावर एक नवा, धडधाकट डोळ्यांचा माणूस बसू लागला. बुवा त्याच्या शेजारी कोट घालून नुसते बसत. पक्षकार त्यांचा तंबाखू खात आणि काम नव्या माणसाला देत.

तुम्ही ‘नाही’ असं का म्हणालात, हे मी त्यांना विचारलं होतं. बडेबाबूंना त्यांनी सांगितलं, मोतीबिंदूमुळे गफलत झाली. हॉटेलवाल्याला सांगितलं, खरी बाई बाहेर असताना आत हो म्हटलं असतं तर जेलात गेलो असतो. मला म्हणाले, “त्या दिशी तंबाखू लय कडू होता बाई.” तिन्हींपैकी कोणतं खरं, की चौथंच काही, हे मला आजवर कळलेलं नाही.

मावशी मला देव मानू लागली. माझ्याकडून वांग्यांचे पैसे घेईना. मी तिला सांगितलं, “अगं, मी तर मूर्खासारखी गंमत दाखवायला आले होते. तुझा मळा साक्षीबुवांनी वाचवला. ते हो म्हणाले असते तर मी दाराबाहेर पडायच्या आत सगळं संपलं असतं.”

मावशीचा चेहरा एकदम कठीण झाला. “थो? थो कोटवाला? चोर हाये थो! माहा नवरा खाटेवर पडून होता, तवा अर्धा मळा दिरानं असाच लिहून घेतला. नवऱ्याच्या नावानं कोन्या भलत्यानंच आंगठा लावला, आन ओळख देनारा हाच बुढा. नाव नोको घेऊ त्याचं.”

म्हणजे उरलेला मळा बुवांनी वाचवला होता आणि गेलेला बुवांनीच घालवला होता. मी नकला काढता काढता दोनदा तेच पान उतरवलं.

दिवाळीनंतर बुवा मुलीकडे केळझरला कायमचे जायला निघाले. मी नेमकी एसटी स्टँडवर होते. काखेत पिशवी, अंगात कोट. मी जवळ जाऊन खोकले, तर म्हणाले, “बाई का?”

माझ्याच्यानं राहवलं नाही. “बुवा, मी मावशीला सांगितलं, तुम्हीच तिचा मळा वाचवला.”

“काऊन सांगतलं?” ते चक्क रागावले. मग पिशवी दुसऱ्या काखेत घेत, “काय म्हनली?”

मी गाडी लागली का ते पाहू लागले.

“सांग ना व.”

“चोर म्हणाली.”

बुवांनी मान हलवली. ते दुखावले नव्हते, लाजलेही नव्हते. बऱ्याच दिवसांनी कोणी आपली विचारपूस केल्यासारखे दिसले. “मळा हाये ना तिच्यापाशी?”

“आहे. मेथी टाकलीय यंदा.”

“मंग चाललं,” ते म्हणाले, आणि कंडक्टरच्या हाताला धरून चाचपडत वर चढले.

मोठी माणसं जायला निघाली की वाकून नमस्कार करायचा, हे माझ्या अंगवळणी पडलेलं होतं. पण या माणसाला करावा का? मी स्टँडवर उभी राहून विचार करू लागले. अर्धा मळा इकडे, अर्धा तिकडे. घंटी वाजली, गाडी धूळ उडवत सेलूच्या रस्त्याला लागली, आणि ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर मी त्या रिकाम्या रस्त्याला वाकून नमस्कार केला. शेंगदाणेवाला म्हणाला, “बाई, काही पडलं का?”

मी म्हटलं, “नाही.” आणि मग, उगीच, खाली पाहत राहिले.