तापलेली गुंडाळी

नळदुर्गला हायवेच्या कडेला शिवकांताचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. वडील वीरप्पा गेल्यापासून सहा वर्षं ती एकटीच ते चालवते. तरी जळालेली मोटार घेऊन आलेला गडी तिच्या तोंडावर विचारतो, "मालक कुठंयत?" ती सरळ मोटार खोलते.

त्या सोमवारी तोच राग घेऊन ती दुकानाच्या गच्चीवर चढली होती. संकटात फोन बंद पडले तर निरोप पोचवायला जिल्हा कचेरीत हौशी रेडिओ केंद्रांची यादी होणार होती. त्या यादीत नळदुर्ग यावं, आपल्या नावानं यावं, एवढंच शिवकांताला हवं होतं. तपासायला धाराशिवच्या क्लबचा अमरसिंह आला होता.

एकशे साठ मीटरच्या लहरीला चाळीस मीटर उंच अँटेना लागते. गच्चीवर नऊ मीटरचीच मावली. आखूड अँटेनेला त्या लहरीवर सूर लागावा म्हणून शिवकांतानं जाड पीव्हीसी पाइपावर तांब्याच्या तारेचे साठ वेढे घातले होते.

अमरसिंहनं मीटर जोडलं. आकडा बरोबर एक, म्हणजे सेटची ताकद परत फिरत नाही.

"वा ताई! मोटारवालीच्या हातचं वाटतच न्हाय."

तिनं तुळजापूरच्या हौशी रेडिओवाल्या अबुजरला रेडिओवरून तीनदा हाक दिली. शेवटी त्याचा फोन आला. "ताई, चालू केलं का न्हाय? हितं नुसती खरखर हाय."

"मीटर तर लाख बरोबर," अमरसिंह म्हणाला. "बाईमाणसाचा आवाज बारीक असतो, ताई. माइक जरा जवळ धरा."

"आवाज बारीक? खाली रस्त्यावर ट्रकवाले थांबतेत माझ्या आवाजानं!"

तिनं सेट बंद केला आणि गुंडाळीला हात लावला. वरचं टोक कोमट. खालचं टोक तव्यासारखं. जळत चाललेली मोटार ती डोळे मिटून ओळखते, आणि ही तशीच होती. पण तार शाबूत होती. मग खालच्या वेढ्याच्या अगदी जवळ बसलेलं लोखंडी कडं तिला दिसलं. बोअरच्या पाइपाला आवळतात तो क्लँप. पाइप दिसला की क्लँप आवळायचा, ही हाताची सवय. तारेला तो टेकलाही नव्हता. पण बंद कडं म्हणजे गुंडाळीला जोडलेला आणखी एक शॉर्ट झालेला वेढाच. सगळी ताकद तो खात होता, परत काही फिरत नव्हतं, म्हणून मीटर खूश होतं.

"शंभर मोटारी दुरुस्त केल्या अन् माझंच मला दिसेना!" तिनं क्लँप उपटला आणि पाइप नायलॉनच्या दोरीनं बांधला. सूर खाली घसरला, म्हणून चार वेढे काढले. मीटरवर आकडा आला दोन पूर्णांक दोन.

"बिघडलं की, ताई!"

तिनं पुन्हा हाक दिली. लगेच रेडिओतून अबुजर ओरडला, "आलं! ताई, ट्रकचा हॉर्नबी ऐकू येतोय!"

अमरसिंहनं फॉर्म पुढं केला. "मीटर दीडच्या आत पायजे. असं करा, क्लँप परत लावा, फोटो काढू, मग काढून टाका."

शिवकांताच्या कानशिलांवरच्या शिरा तटतटल्या. "जळक्या मोटारीला रंग मारून गिऱ्हाइकाला द्यायची रीत न्हाय आमच्यात! पायथ्याला छोटी गुंडाळी घालून आकडाबी बसवून देते. गुरुवारी या."

"यादी आजच जायची."

"मग आजचं खरं लिवा. दोन पूर्णांक दोन. अन् अबुजरनं काय ऐकलं तेबी."

"तसा रकाना न्हाय."

"फॉर्मला पाठ हाय न्हवं?"

त्यानं लिहिलं, सही केली आणि जिना उतरला.

संध्याकाळी यादी मोबाइलवर आली. नळदुर्ग नव्हतं. शिवकांतानं जिल्हा कचेरीला फोन लावला.

"नळदुर्गचा फॉर्म काढा," ती म्हणाली. "उलटा करा. अन् पाठीवरचं मला मोठ्यानं वाचून दाखवा. वाचल्याबिगर म्या फोन ठेवत न्हाय."