मोठी तबकडी तेहतीसवर

आमच्या घरात आवाजाच्या बाबतीत आबांना 'नाही' म्हणायची पद्धत नव्हती. आबा म्हणजे माझे वडील. धुळ्यात त्यांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. हळद असो, सप्ताह असो की निवडणुकीची सभा, शिरपूरपासून दोंडाईचापर्यंत भोंगे आमचे. भोंगा कुठल्या फांदीला बांधायचा हे ते नुसती एक टाळी वाजवून ठरवायचे. अशा माणसाने आवाज घुमतोय म्हटलं की तो घुमायचाच. निदान आम्ही सगळे माना डोलवायचो. खरं सांगायचं तर मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लाऊडस्पीकरवाल्याची मुलगी असून कळत नाही म्हणायची लाज वाटायची.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट आहे. मी जळगावला कॉलेजात होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले, तर आबा तोंड मिटून बसलेले. मायने काही विचारलं की मान हलवायचे, जेवायचे, उठायचे. माय भाकरी थापता थापता म्हणाली, "लगनसराई सरनी नि यासनं तोंडच मिटनं." तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती, हे मला खटकलं होतं, पण मी विचारलं नाही. सुट्टीत आलेली मुलगी स्वतःच्या झोपेपलीकडे काय बघणार!

आबांच्या मनात काय होतं ते मला पुढे तीन आठवड्यांनी कळलं, पण इथे आधीच सांगते. त्या सीझनभर त्यांच्या कानात बारीक शिट्टी वाजत होती. याच धंद्यात त्यांचे थोरले भाऊ, आमचे नाना, ठार बहिरे झाले होते. शेवटी शेवटी नाना सगळ्यांकडे बघून नुसते हसायचे, मयताच्या बातमीलाही. तीच पाळी आपल्यावर आली, असं आबांनी धरून ठेवलं होतं. डॉक्टरकडे जायचं नाव नाही. नानांच्या वेळी कोणीतरी सांगितलं होतं की आधी बारीक आवाज जातात, मग बाकीचे. तेवढ्या एका वाक्यावर हे स्वतःचे डॉक्टर झाले.

तपासणीची रीत मात्र अक्कलहुशारीची होती. पाठ असलेलं गाणं बहिऱ्यालाही ऐकू येतं, कारण ते कानात नाही, डोक्यात वाजतं. म्हणून कधीच न ऐकलेलं गाणं पाहिजे. ढोलाबरोबर झांजा असणारच, आणि त्या बारीक; त्या ऐकू येतात का, एवढंच बघायचं. ते आमच्या माळ्यावर खोकाभर होतं. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून आबांनी जुना रेकॉर्ड प्लेअर आणला होता, त्याच्याबरोबर वीस-बावीस परदेशी तबकड्या फुकटात आल्या. एका कव्हरवर सारख्या फुलाफुलांच्या शर्टातले सहा काळे गडी, एकावर टोपलीएवढ्या केसांची बाई, एकावर नुसतं उन्हातलं झाड. आबांनी त्यातली एक हौसेने शिरपूरकडच्या एका हळदीत लावली होती. नवरदेवाच्या मामाने हात जोडले, म्हणाला, "भाऊ, हाई बंद करा, म्हशी दूध चोरतीन." तेव्हापासून खोकं माळ्यावरच होतं. पुढे कॅसेटी आल्या आणि तबकड्यांना कोणी विचारेना.

आबांनी खोक्यातली सगळ्यात वरची तबकडी घेतली. तिला कोरं खाकी कव्हर होतं. आणि रोज तीच लावायचे, कारण वजन रोज त्याच काट्यावर करायचं असतं. मी आल्यावर एका दुपारी त्यांनी मला मागच्या खोलीत हाक मारली. गाणं सुरू झालं. ढोल गादीवर पडल्यासारखा, आणि एक म्हातारा जांभया देत गात होता. आबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "झांजा आयकू येतस का?"

मला झांज-बिंज काही ऐकू येत नव्हती. पण ते विचारतात म्हणजे असणार. मी ठसक्यात म्हटलं, "येतस ना, आबा. चांगल्या येतस."

त्यांनी तबकडी उचलली आणि खोलीबाहेर गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. वर शहाणपणाने जोडलं, "उजवीकडे जरा जास्त येतस." आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग एक दिवस जेवताना आबा म्हणाले, दोंडाईचाची एक पार्टी येणार आहे, सगळं सामान देऊन टाकतो. भोंगे, अँप्लिफायर, माईक, सगळं. माय ताटावरून उठली आणि चुलीपुढे पुन्हा भाकरी थापायला बसली. मी कारण विचारलं तर कधी नव्हे ते माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, "मन्हा कान गयात. तुले झांजा आयकू येतस, माले एकबी नही."

तिथेच सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, झांजा खरंच असल्या तर? मी नीट ऐकलंच नसेल तर? मी मागच्या खोलीत पळाले. सुई ठेवण्याआधी पहिल्यांदाच त्या तबकडीवरचा मधला गोल कागद वाचला. खाली किड्याएवढ्या अक्षरात पंचेचाळीस लिहिलं होतं.

आमच्या दुकानात शेंबड्या पोराला माहीत होतं, मोठी तबकडी मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवर, लहान पंचेचाळीसवर. धुळ्यात मोठी तबकडी पंचेचाळीसवर चालताना कोणी पाहिलीच नव्हती. आणि हळू फिरवली की गळा जाड होतो, बारीक आवाज बुडतात. मी आबांना ओढत आणलं आणि आधी कबूल केलं की मला एकही झांज कधी ऐकू आली नाही, मी थापा मारल्या. ते रागावले नाहीत, त्यांना ते नीट कळलंच नाही. कागद बघून म्हणाले, "छापनारानी चूक शे." मग आपल्याच हाताने खटका पंचेचाळीसवर सरकवला.

पहिल्या दोन ठोक्यांतच झांजा आल्या. बारीक, कोरड्या, एकामागून एक, पत्र्यावर ज्वारी सांडावी तशा. खालून बास गिटार थांबून थांबून चालत होती, आणि म्हातारा गेला होता. "अरे, ही तं बाई शे!" आबा ओरडले. इतके दिवस ज्याला ते मनातल्या मनात शिव्या घालत होते तो म्हातारा एक तरणीताठी, ठणठणीत गळ्याची बाई निघाली. आबा मटकन खाटेवर बसले आणि हसायला लागले, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी रडले.

दोंडाईचाच्या पार्टीला दुसऱ्याच दिवशी निरोप गेला. पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघांनी ते खोकं ऐकून काढलं, प्रत्येक कागद वाचून. आणखी तीन तबकड्या पंचेचाळीसच्या निघाल्या. फुलांच्या शर्टवाल्यांची तेहतीसचीच होती. तिच्यात तीन गिटारी एकमेकींशी गप्पा मारतात आणि कोणी कोणाचं बोलणं तोडत नाही, ते ऐकून आबा म्हणाले, यांचा बँड आपल्या मिरवणुकीत पाहिजे होता. कुठल्या देशाचे, कुठल्या भाषेतले, आम्हाला पत्ता नव्हता. शिरपूरच्या मामाचं चुकलंच, असा निकाल मात्र एकमताने झाला.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. आम्ही हसत होतो तेव्हा माय दारात आली, हाताला पीठ तसंच. आबांनी तिला सगळं सांगितलं, शिट्टीचं, नानांचं, आणि चुकीचं उत्तर जाईल म्हणून बोलणंच टाळत होते तेही. ती ऐकत राहिली. मग खाली बघून काहीतरी पुटपुटली. गाण्यात ते मला ऐकू आलं नाही.

आबांनी तबकडी थांबवली.

"काय म्हननी?"

माय मोठ्याने म्हणाली, "माले वाटनं, तुम्ही मन्हासंगे बोलनं सोडी दिधं."

आबांनी खाटेवर जागा करून दिली. म्हणाले, "वरडू नको. हळू बोल. माले आयकू येस."

माय त्यांच्या शेजारी खाटेवर बसली आणि हळू बोलायला लागली. मी तव्यावरची भाकरी उतरवायला निघून गेले.