ब्रेडमध्ये काय घातलंय?

लोणावळ्यात चिक्की घेताना दुकानदाराला कुणी विचारत नाही की बाबा, यात काय काय घातलंय. लोक डबा उचलतात आणि घाट उतरायला लागतात. पण घरी केलेला ब्रेड, त्यात मध आणि वर क्विनोआसुद्धा, एवढं ऐकलं की माणूस आधी ब्रेडकडे बघतो, मग माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग ब्रेड उलटा करून त्याचं बूड बघतो. बुडात काय शोधतात ते मला अजून कळलेलं नाही.

आमचे हे रेल्वेतून निवृत्त झाले, तसं आम्ही लोणावळ्याचं क्वार्टर सोडून बेडशाला गावच्या घरी राहायला आलो. तिथे मी आणि माझी धाकटी जाऊ मनीषा मागच्या पडवीत ब्रेड करतो. गव्हाचं कोंड्यासकट पीठ, थोडी नाचणी, थोडी ज्वारी, क्विनोआ नावाचं बारीक दाण्याचं परदेशी धान्य शिजवून, आणि मध. शनिवार-रविवारी पवना धरणाच्या बाजूच्या बंगल्यांत आणि लोणावळ्यातल्या एक-दोन दुकानांत तो जातो. ब्रेड चार दिवसांत शिळा होतो, त्याच्याबद्दलचे संशय मात्र ताजेच राहतात. मैत्रिणी भेटल्या की हल्ली "कशी आहेस" विचारत नाहीत. "नवीन काय झालं?" विचारतात.

* * *

पहिल्यांदा क्विनोआ घरात आला तेव्हा सासूबाईंनी तो सुपात घेतला, पाखडला, आणि दाताखाली एक दाणा धरला.

"ह्यो राजगिराच हाय. नाव बदलून इकत्यात तुमाला."

मी म्हटलं, "आत्या, हे वेगळं आहे. क्विनोआ."

"किनवा असू दे न्हाईतर पिनवा." त्यांनी तो पाण्यात टाकला आणि चोळला. आता क्विनोआ धुताना फेस येतो, हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. त्यांनी फेसाकडे बघितलं आणि मला हाक मारली. "बग. साबनात बुडवून इकलंय."

शिजल्यावर तर कहरच झाला. शिजलेल्या दाण्याला बाजूने एक पांढरा बारीक धागा सुटतो. सासूबाईंनी झाकण काढलं आणि पुन्हा ठेवलं. "शेपट्या फुटल्या त्याला. अळ्या हायत ह्या."

मी किती समजावलं, पण त्यांनी वाटीभर क्विनोआ नेऊन कोंबड्यांपुढे टाकला. कोंबड्यांनी एका दमात फस्त केला. मग सासूबाई दिवसभर अंगणात खुर्ची टाकून कोंबड्यांवर लक्ष ठेवून बसल्या. दुपारची झोपही घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, "मग आत्या? आहेत ना जिवंत?"

त्या म्हणाल्या, "जित्या हायत. पर अंडं न्हाई दिलं एकीनंबी."

* * *

ब्रेडचं पीठ फुगायला ठेवलं की आंबूस वास सुटतो. पावसाळी हवेत तो गल्लीभर पसरतो. एकदा गावचे पोलीस पाटील चपला काढून पडवीत येऊन बसले. चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले, आणि मग कप खाली ठेवत म्हणाले, "वहिनी, वास येतोय."

"ब्रेडचा आहे, भाऊ."

"ब्रेडला असला वास?"

मी त्यांना आत नेलं आणि ओल्या फडक्याखालचं पातेलं दाखवलं. नेमका तेव्हाच एक मोठा बुडबुडा फुटला आणि फडकं हललं. पाटील एक पाऊल मागे सरले. "ह्ये जितं हाय का काय?"

त्यांना एक गरम ब्रेड बांधून दिला. ते गेले आणि विषय मिटला असं आम्हाला वाटलं. पण पाटील आमच्या घरी चौकशीला येतात आणि हातात पुडकं घेऊन हसत परत जातात, हे गावानं बघितलं होतं. संध्याकाळी ओळखीपाळखीचे नसलेले दोन बाप्ये मागच्या दाराला आले. एकजण दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, घरी न्यायला पायजेल व्हतं."

"ब्रेड का?"

त्यानं सोबत्याकडे बघितलं, सोबत्यानं मान डोलावली.

"ब्रेड म्हना की," तो म्हणाला.

* * *

मध आम्ही लक्ष्मणभाऊंकडून घेतो. तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी आहे. मध उत्तम, पण माणूस महासंशयी. आम्ही मागोमाग जाऊन त्यांची मधाची पोळी उतरवू, अशी त्यांना भीती. मी एकदा सहज विचारलं, "भाऊ, हा मध कुठचा?" त्यांनी तिकोणा किल्ल्याकडे हात केला. पुढच्या खेपेला विचारलं, तर हात तुंग किल्ल्याकडे. मनीषानं मुद्दाम तिसऱ्यांदा विचारलं.

त्यांनी जरा विचार केला आणि एक्सप्रेस वेकडे हात केला.

* * *

धरणाकाठी एका मॅडमचा बंगला आहे. सुनंदा मॅडम. आमचा ब्रेड त्यांना फार आवडायचा, आणि तोच त्यांच्या संशयाचा मुद्दा होता. इतका चांगला ब्रेड बेडशात होतो कसा? लोणावळ्याच्या बेकरीतून आणून आम्ही फक्त आमचा कागद गुंडाळतो, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. एका शनिवारी सकाळीच, काही न कळवता, त्यांची गाडी दारात.

दार उघडलं सासूबाईंनी. ही बाई रेसिपी चोरायला आली, असं सासूबाईंना वाटलं. दारातली म्हातारी आपल्याला आत सोडत नाही म्हणजे आत काहीतरी आहे, असं मॅडमना वाटलं. शेवटी दोघी पडवीत समोरासमोर बसल्या. आम्ही पीठ मळत होतो. मॅडम आमच्या हातांकडे बघत होत्या आणि सासूबाई मॅडमच्या डोळ्यांकडे.

ब्रेड ओव्हनमध्ये गेला तेव्हा मॅडम जरा सैलावल्या. "काय आहे, आजी, विकतचं खायचं तर बघून घ्यावं लागतं."

"बराबर हाय," सासूबाई म्हणाल्या. "घरी सैपाक कोन करतं तुमच्या?"

"बाई येते ना."

"मग ती काय घालती ते बगता का?"

ब्रेड भाजून निघाला तशा मॅडम उठल्या. एक घेतला आणि गेल्या.

पुढच्या आठवड्यात एक बाई तणतणत आमच्या अंगणात आली. मॅडमच्या स्वयंपाकाची बाई. "काय सांगितलं ओ तुमी तिला? फोडनी घालू देईना मला. माझ्या पाठीशी हुबी ऱ्हाती दिसभर."

* * *

इथवरचं सगळं हसण्यावारी गेलं. पण एक दिवस फोटो आला.

बंगलेवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकला होता. ताटात ब्रेडची फोडलेली स्लाइस, त्यात क्विनोआचे ते पांढरे धागे, अगदी जवळून काढलेले. खाली लिहिलेलं, "होममेड ब्रेडमध्ये अळ्या. सावधान." सुनंदा मॅडमनी तो मला पाठवला आणि पुढे नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं.

आठवडाभरात ऑर्डरी बंद झाल्या. दुकानांनी माल परत केला. भाजलेला ब्रेड आम्ही आधी शेजाऱ्यांना वाटला, मग गुरांना घातला. मनीषा म्हणायची, क्विनोआ सोडूनच देऊ. मी म्हणायचे, मग अळ्या होत्या हे खरं ठरेल. आम्ही दोघी इतक्या वर्षांत कधी भांडलो नव्हतो, त्या आठवड्यात भांडलो. इतके दिवस मी लोकांच्या संशयाला हसत होते, आणि आता मलाच प्रत्येक माणूस संशयित दिसायला लागला. लोणावळ्याचा दुकानदार, सुनंदा मॅडम, त्यांची स्वयंपाकीण. लक्ष्मणभाऊंनासुद्धा मी यादीत घेतलं. त्यांच्याकडे साधा फोन होता, फोटो काढता न येणारा, तरी घेतलं.

एका दुपारी मी तो फोटो मोठा करून करून बघत होते. मागची फरशी, टेबल, काहीतरी ओळखीचं दिसेल म्हणून. फरशी दिसली नाही, पण ताटाची कड दिसली. स्टीलच्या कडेवर नाव कोरलेलं होतं. आणखी मोठं केलं.

"चि. सौ. कां. वैशालीस मामाकडून सप्रेम."

वैशाली म्हणजे मी. माझ्याच लग्नातलं ताट होतं ते!

आमचे हे झोपाळ्यावर पेपर वाचत होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"मी फक्त विचारलं होतं," ते म्हणाले. "आमच्या रिटायर्ड लोकांच्या ग्रुपवर. ह्या अळ्या आहेत का म्हणून."

"मग? काय सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं कुणीच नाही. सगळ्यांनी पुढे पाठवलं."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच स्कूटर काढली. पिशवीत ब्रेड, सुरी आणि कच्च्या क्विनोआची बरणी. बंगल्या-बंगल्यांवर जाऊन, लोकांसमोर ब्रेड कापून, स्वतः खाऊन दाखवायचे आणि धागा म्हणजे काय ते समजावायचे. ऑर्डरी हळूहळू परत आल्या. ह्यांची साखर तेवढी वाढली.

* * *

आता सोपानभाऊंचं सांगते.

हे सुदुंबऱ्याचे. कंपनीत कामाला. तळेगावच्या बचत गटांच्या प्रदर्शनातून त्यांनी आमचा ब्रेड विकत नेला होता. त्यानंतर दर सुट्टीला मोटारसायकलवर बेडशाला यायला लागले. सुदुंबरे ते बेडसे म्हणजे मावळाचं एक टोक ते दुसरं टोक. एवढ्या लांबून यायचं, एकच ब्रेड घ्यायचा आणि प्रश्न विचारायचे. मध कधी घालता? पीठ किती वेळ मळता? यीस्ट पाण्यात का दुधात?

फोटोचं प्रकरण ताजं होतं. मनीषा म्हणाली, "ताई, हा दुकान टाकणार. आपली रेसिपी काढून घेतोय." मला पटलं. पुढच्या वेळी त्यांनी यीस्टचं विचारलं तेव्हा मनीषानं सरळ सांगितलं, "उकळत्या पाण्यात टाका."

उकळत्या पाण्यात यीस्ट मरतं. पीठ फुगायचं नाव घेत नाही.

सोपानभाऊ पुन्हा आले ते फडक्यात काहीतरी बांधून. सोडलं तर आत वीट. त्यांनी कुकरमध्ये मीठ पसरून ब्रेड भाजला होता. "जमंना ताई. बगा की काय चुकतंय." आम्ही बघितल्यासारखं केलं. "ओव्हनचा फरक असेल," मनीषा म्हणाली. त्यानंतरच्या खेपेला दुसरी वीट, मग तिसरी. प्रत्येक वेळी ती फडक्यात नीट बांधलेली.

शेवटी सासूबाईंनीच विचारलं, "कुनासाठी करता ओ एवढं?"

त्यांनी फडक्याची गाठ मारली, सोडली, परत मारली.

"आमच्या मंडळींसाठी, मावशी. ती कुनाच्या हातचं खात न्हाई. तिला वाटतं लोक इख घालत्यात. औषदं चालू हायत, पर अजून भ्या जात न्हाई. माझ्या हातचं तेवढं खाती, आन मला भाकर येत न्हाई धड. तुमचा ब्रेड मी केलाय म्हनून दिला, तर खाल्ला. लय आवडीनं खाल्ला. दुसऱ्या दिशी म्हनली, आता माझ्या म्होरं कर."

 मनीषा उठून आत गेली. यीस्टची बरणी आणि पाण्याचं भांडं घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यापुढे बसली.

"भाऊ, पाणी कोमट घ्यायचं. बोट घालून बघा. एवढंच."

"उकळतं म्हनला व्हता तुमी."

"चुकलं माझं."

ते "बरं" म्हणाले आणि पाण्यात बोट घातलं.

पुढच्या सुट्टीला ते बायकोला घेऊनच आले. हितंच तिच्या डोळ्यांदेखत करतो म्हणाले. वाळलेली बाई, पदर कानांवरून घट्ट ओढलेला. मी पाण्याचा पेला उंबऱ्यावर तिच्यापुढे ठेवला, तिनं त्याला हात लावला नाही. पडवीच्या उंबऱ्यावर बसली. सोपानभाऊंनी हात धुतले आणि दोन्ही तळवे तिला उलटसुलट करून दाखवले. मग पीठ घेतलं, क्विनोआ घातला, मध घातला. प्रत्येक वस्तू आधी तिच्यापुढे धरायची, तिनं मान हलवली की घालायची. पीठ फुगेपर्यंत ती पातेल्यावरच्या ओल्या फडक्यावरची नजर काढायला तयार नव्हती. ब्रेड भाजून निघेपर्यंत ओव्हनच्या काचेवरची.

भाऊंनी गरम ब्रेड मोडला आणि तुकडा तिच्या हातात दिला. तिनं तो खाल्ला नाही. आधी सासूबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग पार मागे, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मनीषाकडे.

"ही का मागं हुबी?"

 बाई उठली, आम्हा दोघींना ओलांडून गेली आणि तुकडा मनीषापुढे धरला.

मनीषानं तो घेतला आणि तोंडात घातला. तिचे डोळे भरून आले, घास गिळता गिळेना. ती बाई तिच्या गळ्याकडे बघत उभी राहिली, घास खाली उतरेपर्यंत. मग वळली, उंबऱ्यावरचा तो न शिवलेला पेला उचलून आणला आणि मनीषाच्या हातात दिला.

"पानी पी."

मनीषा अर्धा पेला प्यायली. बाईनं पेला परत घेतला, उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं, आणि नवऱ्यापुढे ब्रेडसाठी हात केला.