सारा दीदीची ओटी

लिवण्यात चुकलं तर समजून घ्या. नववीतनं शाळा सुटली माझी, आनि टायपिंग बी लई हळू हाय. पर सकाळपास्नं जिवाला चैन न्हाय, म्हणून ग्रुपवर लिवते.

आमच्या कंग्राळीच्या चर्चमदी जर्मनीहून सेवेला टीम आलती. त्यातली सारा दीदी आमच्या घरात ऱ्हायलेली. दिवसभर पोरांना गाणी शिकवायची आनि सांजचं शेजारच्या शांताक्काच्या चुलीपुढं बसून भाकरी थापायची. भाकरी फाटली की दोघी हसून हसून बेजार.

आज दीदी निघाली. गाडी दारात आलती, दीदीला सोडाय आमचे पास्टर अण्णा बी आलते, तवर शांताक्का नारळ, तांदूळ आनि खण घेऊन आली. म्हणली, "सवाशीण लेक हाय, रिकाम्या ओटीनं जाऊ ने. हळदीकुंकू आणलं न्हाय बगा पास्टर, तुमचं मला कळतंय."

पास्टर अण्णा म्हणले, "न्हाय आक्का. आमच्यात हे चालत न्हाय."

आक्का नारळ धरून तशीच हुबी ऱ्हायली. दीदी माझ्याकडं बघाय लागली. चारचौघात माझं तोंड कधी उघडत न्हाय. पर मी माझी ओढणी काढली, दीदीच्या हातावर पसरली आनि म्हटलं, "टेक. मदर गिव्हिंग."

दीदीनं ओटी घेतली. आक्का रडली. पास्टर अण्णा माझ्याशी न बोलताच गाडीत बसले.

आता रविवारी चर्चमदी कुठल्या तोंडानं जाऊ? तुम्ही असता तर काय केलं असतं?

थांबा, भिंतीपलीकडनं आक्का वरडतीया, "पळत ये गं, शेळी व्याली! दोन हाईत!"